चपटी केबल आणि बाबांचं गाऱ्हाणं

आमच्या घरात कॉम्प्युटरच्या केबलवरून भांडण झालं, हे वालावलीत कुणाला सांगून पटलं नसतं. भांडायला बांध होते, माडांच्या हद्दी होत्या. पण मी आणि बाबा केबलवरून आठवडाभर बोललो नव्हतो.

मी तेव्हा घरीच लग्नपत्रिका टाइप करून द्यायचे. कॉम्प्युटरच्या आत हार्ड डिस्क जोडायची केबल चपटी असायची, हातभर लांब आणि चार बोटं रुंद. मी कुडाळातून गोल आणली. तीच वायर, गुंडाळून निळ्या नळीत घातलेली. आत हवा खेळती राहते, असं दुकानदार म्हणाला. मला ती दिसायला आवडली, हे खरं कारण.

बाबा म्हणाले, "चेडवा, चपटीच बरी. खंय तुटली ता दिसता तरी. ह्या नळयेत काय झाला, ता कोण बघतलो?"

"तुमका काय कळता त्यातला?"

बाबांनी जन्मभर भातशेती केली आणि देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. केबलशी त्यांचा संबंध काय? चपटी मी कचऱ्यात टाकली, त्यांनी ती उचलली. ते करवंटीसुद्धा फेकू देत नसत, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. ज्याच्या आवाजामागून सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा, तो माणूस पाणी हवं तर भांडं आपटायला लागला. आई त्यांच्यासमोर हसायची आणि परसात जाऊन रडायची. मला दोन्ही जमत नसे. मी चिडायचे.

डॉक्टर म्हणाल्या, "जन्मभर तोंडात बसलेलं काही असेल तर ते रोज ऐकवा. कधीकधी तिथूनच शब्द सुटतो."

गाऱ्हाणं त्या जुन्या कॉम्प्युटरवर होतं. एका दुपारी मीच हौसेने बाबांना समोर बसवून रेकॉर्ड केलेलं. दुसरीकडे कुठेही उतरवून ठेवलं नव्हतं. करीन कधीतरी, असं म्हणत पंधरा वर्षं गेली.

माळ्यावरून कॉम्प्युटर काढला, पुसला, चालू केला. डिस्क दिसेना. कुडाळच्या दुरुस्तीवाल्याला घरी आणलं. त्याने निळी नळी वाकवली की डिस्क दिसे, सोडली की जाई.

"आत खंयतरी तुटला आसा. खंय, ता कळूचा नाय," तो म्हणाला. "असली केबल आता खंय मिळाची नाय. अॅडाप्टर मागवतंय, आठ दिवस लागतले."

आठ दिवस थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी नळीवरच राग काढत होते, तेवढ्यात खाटेवरून बाबांनी डावा हात देव्हाऱ्याकडे केला. आई त्यांचे हात जोडायला गेली. त्यांनी तिचा हात झटकला. देव्हाऱ्याखालचा जुन्या पंचांगांचा गठ्ठा मी त्यांना नेऊन दिला, तर त्यांनी तो माझ्याच अंगावर ढकलला.

"काय व्हया तरी काय तुमका?"

त्यांनी गठ्ठ्यावर बोट टेकवलं आणि काढलं नाही.

गठ्ठा दोरीने बांधलेला नव्हता. त्याला माझी चपटी केबल होती. गाठ न मारता नीट गुंडाळलेली, वर रबर. दर पाडव्याला त्यात जुनं पंचांग खोचायचं काम माझंच होतं.

कडेची लाल रेघ कुठल्या बाजूला येते ते दुरुस्तीवाल्याने सांगितलं, मी जोडली. डिस्क दिसली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. पंधरा वर्षांनी ते भांडण जिंकले होते आणि त्यांना तसं म्हणायची सोय नव्हती. मला फार वाईट वाटलं. थोडा रागही आला.

मग त्यांचा आवाज आला, भरदार, देवळात घुमायचा तसा. "बा देवा म्हाराजा! लेकरांचा काय वाकडानाकडा झाला असात, तर ता सरळ कर रे म्हाराजा!"

पुढे शांतता. रेकॉर्ड करताना होकार द्यायला घरात मी एकटीच होते, आणि माझं लक्ष माउसवर. मग तोच आवाज, वैतागलेला: "अगो, व्हय म्हण मगे!"

आताही माझा हात माउसवरच होता.

"व्हय," बाबा खाटेवरून म्हणाले.

'म्हाराजा' काही निघालं नाही. ते आईने म्हटलं.