शाई न लावलेली जागा

काकूंनी एकोणपन्नासाव्या वर्षी माध्यमांच्या डिप्लोमाला नाव घातलं, तेव्हा त्यांच्या भावाने फोनवर जे हसू दाबलं ते काकूंना स्वच्छ ऐकू आलं. त्याआधी बावीस वर्षं त्या एका छापखान्यात कटिंग मशीनवर होत्या. गठ्ठा लावायचा, माप घ्यायचं, पातं खाली आणायचं. मग मालकाने नवीन मशीन आणलं. ते स्वतःच छापायचं आणि स्वतःच कापायचं, त्यामुळे काकूंना नारळ मिळाला. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा शिकलेलं बरं, असं म्हणून त्या निम्म्या वयाच्या पोरांच्या वर्गात जाऊन बसल्या. काकू हे नाव पहिल्याच दिवशी पडलं.

त्यांच्या चेहऱ्यावर कोड होतं. डाव्या डोळ्याभोवती, ओठाच्या कोपऱ्यात आणि हनुवटीवर असे तीन पांढरे डाग. अकराव्या वर्षी पहिला उमटला, आणि तेव्हापासून आईच्या हातातला पावडरचा डबा काही सुटला नाही. शाळेचा फोटो असो की छापखान्याचं ओळखपत्र, आधी पावडर, मग फोटो. वर फोटोवाला आपल्या मनाने उरलंसुरलं पुसून टाकायचा. घरातल्या सगळ्या फोटोंत जी बाई होती, तिला काकू आयुष्यात कधी भेटल्या नव्हत्या.

वर्षाअखेरीला चौघांच्या गटाने दहा मिनिटांची फिल्म करायची होती आणि तिच्या प्रसिद्धीसाठी पोस्टरही. काकूंच्या गटातला एक उंच, बारीक मुलगा स्वतःच डायरेक्टर झाला. त्याची गोष्ट होती बस डेपोतल्या एका बाईची. लोकांच्या हरवलेल्या वस्तू ज्या खिडकीवर जमा होतात, तिथे ती बसते. फिल्मचं नाव ‘खिडकी क्रमांक चार’. गोष्टीतली बाई पन्नाशीची, तेव्हा वर्गात ती शोधायला फिरावं लागलं नाही. मेकअप अजिबात करायचा नाही, आपली फिल्म वास्तववादी आहे, असं डायरेक्टरने बजावलं. वास्तववादी हा शब्द तो दिवसातून दहा वेळा वापरायचा. काकूंना मात्र तो फार आवडला. पावडरशिवाय कॅमेऱ्यासमोर बसायची त्यांची ती पहिलीच वेळ होती, आणि सांगायला हरकत नाही, त्या रात्री त्यांना झोप फार छान लागली.

पोस्टरचं काम काकूंकडेच आलं, कारण कागद कुठून धरायचा हे चौघांत त्यांनाच माहीत होतं. त्यांनी आठवडाभर कॉम्प्युटरशी झटापट केली. शेवटी जे झालं ते असं: पूर्ण कागदभर एक चेहरा, एकाच गडद निळ्या रंगात, आणि जिथे कोड तिथे शाईच नाही. कागदाचाच पांढरा रंग तसाच सोडलेला. खाली फिल्मचं नाव आणि चौघांची नावं. एवढंच.

डायरेक्टरने ते पाहिलं आणि त्याचा वास्तववाद जागच्या जागी आटला. फिल्म वेगळी, पोस्टर वेगळं, पोस्टर म्हणजे आमिष असतं, असं तो समजावू लागला. लोक लांबून बघणार, त्यांना काय ते कळणार नाही. डाग तेवढे भरून टाकावेत, बाकी सगळं उत्तम आहे. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. शिकवणाऱ्या मॅडम वयाने काकूंपेक्षा लहान, स्वभावाने चांगल्या. त्यांनी एवढंच सांगितलं की बाहेरून परीक्षक येणार आहेत, आकर्षकतेला वीस मार्क आहेत आणि ते चौघांत सारखे वाटले जातील. निर्णय गटाने घ्यावा.

“मार्क सगळ्यांचे आहेत, काकू,” डायरेक्टर म्हणाला.

“मार्क सगळ्यांचे, तोंड माझं,” काकू म्हणाल्या. “मार्क गेले तर मॅडमना मी सांगेन की हट्ट माझा होता, माझेच कापा. चेहरा असाच जाईल.”

त्याने विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे. ज्या बाईने बावीस वर्षं पात्याखाली गठ्ठे सरकवले तिच्याशी हुज्जत घालायला जिगर लागते, म्हणून.

घरी आई. ऐंशी पार केलेली, डोळ्यांनी अधू, पण काकूंनी घरी आणलेल्या पोस्टरच्या नमुन्यावर तिला नेमके डागच दिसले. गावभर लावणार का हे, असं तिने विचारलं. कॉलेजभर, काकू म्हणाल्या.

“कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“अडतीस वर्षं झाकली ना, आई. सव्वा लाख काही कुणी आणून दिले नाहीत. मुठीला घाम तेवढा आला.”

आई भिंतीकडे तोंड करून निजली. काकूंना वाईट वाटलं. आईने ती पावडर प्रेमानेच लावली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण वाईट वाटलं म्हणून माघार घ्यायची, तर मग आयुष्यभर घेतच राहावी लागते.

फाइल त्यांनी जुन्याच छापखान्यात दिली. बारा प्रती, जाड गुळगुळीत कागदावर. नवीन मशीनवर एक नवीन ऑपरेटर होता, कामाला फार चोख. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नऊला काकू प्रती घ्यायला गेल्या, तर तो वाटच बघत होता.

“बरं झालं मी बघितलं,” तो म्हणाला. “फाइलमध्ये तीन ठिकाणी शाई उडाली होती. पार डोळ्यापाशी. अर्धा तास बसून भरून दिली, आता कळणारही नाही.”

त्याने काकूंच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. छापखान्यातला माणूस आधी कागद बघतो. सपाट रंगात पांढरं दिसलं की तो दोष, आणि दोष बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे काकूंनीही बावीस वर्षं पाळलं होतं. मग त्याने मान वर केली, आणि त्याचा चेहरा उतरला. पुन्हा छापून देतो, तो पुटपुटला. पण मशीनवर दुसरं काम चढलं होतं, दुपारपर्यंत उतरणार नव्हतं. परीक्षक अकराला येणार होते.

काकूंनी वरची प्रत उचलली आणि खरं सांगायचं तर त्या बघतच राहिल्या. अखंड, नितळ चेहरा. डाग उमटलेच नसते तर आज त्या अशा दिसल्या असत्या. देखणी होती बाई. क्षणभर, एकच क्षण, त्यांना वाटलं की राहू दे. आपण तर काही केलेलं नाही, आपोआप झालंय. आणि मग त्यांना असा राग आला की कानशिलं तापली. शाळेच्या फोटोपासून सगळं असंच तर आपोआप होत आलं होतं.

कॉलेजात डायरेक्टरने गुंडाळी उलगडली आणि तो खुलला. नशिबाच्याही मनात हेच होतं म्हणाला, आता उगीच घोळ घालू नका. काकूंनी गुंडाळी त्याच्या हातातून घेतली. वर्गातलं लांब टेबल मोकळं केलं, दप्तरातून कागद कापायचं छोटं पातं काढलं, आणि पहिली प्रत पसरली.

या मशीनची शाई कागदात मुरत नाही, वर बसते. पातं जवळजवळ आडवं धरलं तर ती पापुद्र्यासारखी निघते; जरा उभं झालं की कागद फाटतो. पहिल्या प्रतीला फार वेळ गेला. स्वतःच्याच डोळ्यापाशी पातं लावायचं म्हणजे गंमत नव्हे. त्यांनी डोळ्याभोवतीचं खरवडलं, मग ओठाचा कोपरा, मग हनुवटी. खालून पांढरा कागद वर आला, थोडा खडबडीत. तिसऱ्या प्रतीपर्यंत हात बसला. आठव्या प्रतीला डायरेक्टर, इतका वेळ नुसता उभा असलेला, मुकाट्याने पुढे झाला आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही कोपरे दाबून धरले. काकूंनी वर पाहिलं नाही. बाराव्या प्रतीचा भुगा फुंकला तेव्हा अकराला पाच मिनिटं होती.

परीक्षक जाहिरातीच्या धंद्यात केस पांढरे केलेले गृहस्थ होते. बाकीच्या गटांची पोस्टरं त्यांनी चालता चालता पाहिली. खिडकी क्रमांक चारपाशी थांबले. चष्मा पुसला, जवळ गेले, डोळ्याजवळच्या पांढऱ्यावर बोट फिरवून पाहिलं. बोटाला खरखर लागली. मॅडम अवघडल्या. डायरेक्टर बुटांकडे बघायला लागला. काकू पोस्टरच्या शेजारी उभ्या होत्या, ताठ, खिडकीतला उजेड सरळ तोंडावर घेऊन. चेहऱ्यावर पावडरचा कण नव्हता.

“इथे छपाईत काही चूक झालीय का?” परीक्षकांनी विचारलं.

“झाली होती,” काकू म्हणाल्या. “मी खरवडून काढली.”