पेन्सिलीविना मोर्स

हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर वायरलेसवरून जगाशी बोलायचं, लायसन्स काढायचं मी ठरवलं, तेव्हा मुलाने लगेच मोबाइलवर एक वॉकीटॉकी शोधून दाखवली. बटण दाबायचं आणि बोलायचं, इतकं सोपं. लायसन्स नसताना बोलायला बंदी असते, हे मी त्याला सांगितलं. टिंब-रेघांचा मोर्स कोड ऐकून लिहावा लागत नाही अशी सोपी परीक्षाही असते, हे त्याने मला सांगितलं. ते मला ठाऊक होतं. पण मी एकतीस वर्षं स्टेनो होते. ऐकून लिहायची परीक्षा टाळणं मला कमीपणाचं वाटलं.

डोंबिवलीला एक निवृत्त टेलिफोन इंजिनिअर घरीच शिकवतात असं कळलं. ठाण्याच्या नौपाड्याहून दर रविवारी मी त्या सरांकडे जाऊ लागले. नवशिक्याने आधी ऐकावं, पाठवायचा सेट नंतर घ्यावा, असं त्यांचं ठाम मत. म्हणून मी फक्त एक जुना पण ठणठणीत रिसीव्हर घेतला, आणि सरावाला एक बझर व मोर्स वाजवायची पितळी की. रोज सकाळी ओट्याशेजारी बसून की खटखटवायचे. अँटेनाची लांबी, ओहमचा नियम, रेडिओचे कायदे, सगळं तोंडपाठ झालं. पुढेपुढे कुकरच्या शिट्ट्यांतही मला टिंबं-रेघा ऐकू येऊ लागल्या.

आणि परीक्षेत मी नापास झाले, तेही ऐकून लिहिण्यात. माझं एकही टिंब सुटलं नव्हतं. शॉर्टहँडच्या सवयीने सगळी टिंबं आणि रेघा मी झरझर उतरवल्या, अक्षरं मागाहून करू म्हटलं. आधी डिक्टेशन, मग टायपिंग, हेच तर जन्मभर केलं होतं. निम्मी अक्षरं झाली आणि वेळ संपला. घरी येताना रिक्षात मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा भयंकर राग आला.

मुलाला वाटलं, आता हिचं खूळ जाईल. त्याने प्रेमानेच विचारलं, "पण आई, तुला नक्की कुणाला काय सांगायचंय?"

आयुष्यात दुसऱ्यांची हजारो पत्रं लिहिली, त्यांत माझं असं एक वाक्य नव्हतं. हे आधी कधी मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी आलं आणि खुपलं. दुसऱ्याच आठवड्यात मी पुन्हा अर्ज भरला.

सरांनी माझी वही चाळली. टिंबं-रेघांची पानंच्या पानं बघून त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी वही मिटली.

"पेन्सिल खाली ठेवा, बाई. नुसतं ऐका."

रिकामे हात मांडीवर घेऊन बसणं मला फार जड गेलं. बोटं आपोआप हलायची. दोन महिने मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी एकही रविवार चुकवला नाही.

मग एका रविवारी सरांनी पुस्तक बाजूला ठेवून आपल्या मनाने काहीतरी वाजवलं. टिंबं मोजायच्या आतच शब्द कानात उमटला. चहा? इंग्रजी अक्षरांत सरांनी चक्क मराठीत विचारलं होतं. मी की ओढली आणि चार छोटे, तीन लांब ठोके दिले. हो. तेवढ्याने भागेना, म्हणून पुढे वाजवलं, साखर कमी. सर आत गेले आणि कमी साखरेचा चहा घेऊन आले. तो पिताना माझे डोळे भरून आले, आणि या वेळी मला राग आला नाही.

दुसऱ्या खेपेला कागदावर मी थेट अक्षरंच लिहिली आणि पास झाले. यथावकाश लायसन्स घरी आलं. सेट कुठला घ्यायचा यावर मुलाने पुन्हा मोबाइल पुढे केला. मी मोर्सचा, टेबलावर घट्ट बसणारा एक साधा सेट निवडला. कुणाला काय सांगणार, ते ठरलं का, त्याने विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. "पण मजकूर माझा असेल."