गेटवरचं गाऱ्हाणं आता कंपनीचं

मंडळी, आज जाम वैताग आलाय.

संपात बाबांनी गिरणीच्या गेटवर देवाला घातलेलं मालवणी गाऱ्हाणं आमच्या घरी कॅसेटवर आहे. आमच्या रॅप ग्रुपने तेच गाण्यात वापरलं. ग्रुप कधीच फुटला, गाणं मात्र लालबागमध्ये अजून वाजतं.

सकाळी मी कॅसेटवरचं नुसतं गाऱ्हाणं इथे टाकलं. दुपारी पोस्टचा आवाज बंद! म्हणे, हक्क म्युझिक कंपनीकडे आहेत.

ग्रुपमधल्या संद्याला फोन केला. "गाणं देताना आपण चौघांनी कंपनीच्या करारावर सह्या केल्यात रे. सोड ना आता."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "गेटार माझ्या गाऱ्हाण्याक सगळेच 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. त्यांची सही खंय आसा?"

त्या गेटवर तुमच्यापैकी कोणाचे वडील होते का? त्यांचाही आवाज आज बंद झालाय.