ओव्हरटर्नचा तास

सक्करदऱ्यात गिरिधर सरांचा इंग्रजीचा क्लास गाजला तो त्यांच्या नाटकीपणामुळे. क्रियापदाचा अर्थ नुसता फळ्यावर लिहिणं त्यांना मुळी मान्यच नव्हतं. ते करून दाखवायचं. 'जंप' शिकवताना या साठीच्या माणसाने बाकावरून उडी मारून घोटा मुरगाळून घेतला होता. पोरं मात्र ते क्रियापद जन्मात विसरली नाहीत.

त्या दिवशी 'ओव्हरटर्न' होतं. "नाव उलटते, बैलगाडी उलटते, वरचं कोर्ट खालच्याचा निकाल फिरवतं, सगळं ओव्हरटर्न," असं सांगून झालं. आता काहीतरी उलटं करायला हवं होतं. समोर सातवीतल्या रोशनीचं दप्तर दिसलं. सरांनी ते उचललं आणि टेबलावर पालथं केलं. वह्या पडल्या, पाठोपाठ खडूचे पंधरा-वीस तुकडे. सगळे सरांच्याच फळ्याखालून उचललेले.

"खडूचोर!" कुणीतरी ओरडलं. इथे सरांनी आवरतं घ्यायला हवं होतं. पण हशा दिसला की या गृहस्थांचा तोल जातो. "काय वं, दुकान टाकून राहिली का?" ते म्हणाले आणि स्वतःही हसले. रोशनी मान खाली घालून वह्या गोळा करत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. चार दिवसांनी तिची मैत्रीण पायल म्हणाली, रोशनी घरच्या फरशीवर खडूने लिहून गल्लीतल्या लहान पोरांना इंग्रजी शिकवते, अगदी सरांसारखं करून दाखवत. ते तुकडे कशाला होते, ते सरांना तेव्हा कळलं.

रविवारी ते तिच्या घरी गेले. दारात मास्तर म्हणजे तक्रारच, असं समजून तिच्या आईने, तुळसाबाईने, "काहून वं, काय करून आली?" म्हणत पोरीच्या पाठीत धपाटा घातला. सर तोंड उघडेपर्यंत दुसरा बसला.

"तिची नाही, चूक माझी आहे," सर घाईघाईने म्हणाले. त्यांनी सगळं सांगितलं, हसल्याचंसुद्धा.

रोशनीने डोळे पुसले. "सर, हे तुम्ही वर्गात सांगान काय? सगळ्यायसमोर?"

"सांगीन. उद्याच. तू ये."

तीस वर्षांत पोरांपुढे 'चुकलो' म्हणायची वेळ त्यांनी येऊ दिली नव्हती. घरी पोचेपर्यंत मनात एकच चाललं होतं, उद्या ही पोरगी नाही आली तर बरं. स्वतःच्या या विचाराची त्यांना वर्गात हसल्याहूनही जास्त शरम वाटली.

सोमवारी सर क्लासवर पोचले, तेव्हा रोशनी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. शेजारी ऐकायला तुळसाबाईही होती.