पंचवीस वर्षांचा मांडव

जगातली प्रत्येक गोष्ट आज ना उद्या पडणार आणि ती पडू न देण्याची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, अशी माझ्या थोरल्या साडूंची पक्की समजूत आहे. चाकूरला त्यांच्या घरी कुणी पाहुणा आला की तो टेकण्याआधी ते खुर्ची चारी बाजूंनी हलवून बघतात आणि मग पाहुण्याकडे असं बघतात, की यालाही एकदा हलवून बघायला हवं होतं. उभा जन्म बांधकाम खात्यात पुलांच्या कामावर मुकादम म्हणून गेला. आता सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पूल काही डोक्यातून गेला नाही. त्यांच्या घरात कॅलेंडरचा खिळासुद्धा सिमेंटात बसवलेला आहे. वर्ष संपलं की कॅलेंडर उतरतं, खिळा मात्र घर पाडल्याशिवाय निघायचा नाही. उन्हाळ्यात नांदेडला आमच्याकडे ते आंब्याची पेटी घेऊन येतात, तेव्हा तिला इतक्या गाठी मारलेल्या असतात की पेटी उघडेपर्यंत वरच्या थरातले दोन-चार आंबे उतरलेले असतात. मी कुरकुरलो तर शांतपणे म्हणतात, "पण हलले का? पंचवीस साल हलणार न्हाईत!" पंचवीस साल हा त्यांचा ठरलेला आकडा. खाट असो, दोरी असो की लोणच्याच्या बरणीचं फडकं असो, पंचवीस सालांखाली ते बोलत नाहीत.

माझं लग्नही असंच ठरलं. मला बघायला सासऱ्यांबरोबर हेही आले होते. सासरे नोकरीची, घरादाराची चौकशी करत होते आणि हे उठून माझ्याजवळ आले. माझा दंड दाबून पाहिला, खांदा धरून एकदा गदागदा हलवला आणि मागे वळून म्हणाले, "टिकंल." सासऱ्यांनी लगेच सुपारी फोडायचं ठरवलं. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. त्या दिवशी दाजींनी तपासणीत घाई केली, असं तिचं अजूनही मत आहे. पुढे त्याच लग्नात मंडपवाल्याचा एकही खांब दाजींना पसंत पडला नाही. त्यांनी सगळ्या खांबांना आपल्या हातानं दुहेरी दोर आवळले. वरात निघाली, पाहुणे पांगले, दुसऱ्या दिवशी आम्ही देवदर्शन करून परत आलो, तरी मंडपवाला शिडीवर बसून गाठी सोडत होता. तो काय पुटपुटत होता ते मी नव्या नवरीला ऐकू दिलं नाही.

अशा माणसाच्या पदरात देवानं अक्का घातल्या. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. यांचं सगळं सैल, हसतं आणि झटपट. घरामागच्या अंगणात त्यांचा वालाचा एक वेल असे. त्याचं बी त्यांच्या आईकडून आलेलं. काळसर दाणा आणि शेंगेला जांभळी कड. राखेत घोळून डब्यात ठेवलेलं ते बी दर पावसाळ्यात लावायचं, चार तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, सुतळीनं बांधून त्याला मांडव करायचा आणि मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येपर्यंत, म्हणजे आमच्या येळवशीपर्यंत, शेंगा धरायच्या. येळवशीला आमच्याकडची माणसं घरांना कुलपं लावून शेतात जेवायला जातात. तुरीचे ओले दाणे, वटाणे आणि वालाच्या शेंगा घालून त्या दिवशी जी भज्जी होते, तिच्यासाठी मी नांदेडहून रजा टाकून जातो. अक्कांचा एकच नेम होता. त्या वेलाचा पहिला तोडा त्यांच्या हातचा, दुसऱ्या कुणी शेंगेला हात लावायचा नाही.

मागच्या येळवशीच्या तोंडावर अक्का त्याच अंगणात घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, हाड सांधलं, पण मोडलेला धीर काही सांधला गेला नाही. डॉक्टर म्हणाले, चाला. अक्का खोलीतल्या खोलीत भिंत धरून चालायच्या आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी आल्या की थांबायच्या. काठी आणली तर म्हणाल्या, "काठी धरली की माणूस म्हातारं दिसतंय." वॉकर आणला, त्याच्यावर टॉवेल वाळू लागले. त्या साली शेंगा वेलावरच वाळल्या आणि दाजींनी त्यातलं बी काढून ठेवलं. बाईचं वय काही फार नाही. एकदा का ती घराबाहेर पडायची थांबली, की खाटेला लागायला वेळ लागत नाही, ही आम्हा सगळ्यांच्या मनातली भीती होती. कुणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच.

आणि नेमक्या अशा वेळी, आषाढात, दाजींनी वालासाठी लोखंडी मांडव बांधायला काढला. मला खरंच राग आला. घरात बाई उंबऱ्याशी अडकलीय आणि हा माणूस शेंगांसाठी अडीच फुटांचे खड्डे खणतोय! खड्ड्यांत खडी-सिमेंट ओतलं, त्यात दोन इंची पाइप उभे केले, ओळंबा लावून तपासले आणि एकवीस दिवस पाणी मारलं. खांबांना एवढं पाणी मिळत होतं की शेजारी उगवलेलं वालाचं रोप हिरमुसून बघत असावं. रोप वीतभर होतं तेव्हा मांडव आठ फूट झाला होता. टपाल घेऊन आलेल्या पोस्टमननं विचारलं, "मोबाइलचा टावर का?" दाजी म्हणाले, "वालाचा." तो बिचारा पुढं काही न विचारता गेला. मांडव लांबीलाही कमी नव्हता. मागच्या दारापासून सुरू होऊन थेट कुंपणापर्यंत. शिवाय कमरेएवढ्या उंचीवर दोन्ही बाजूंनी एक आडवा पाइप. मी म्हटलं, "दाजी, हा कठडा कशाला? वेल पडेल म्हणून?" पाना फिरवत ते म्हणाले, "ताण घेतोय त्यो. तुम्ही शाळामास्तर मानूस, तुम्हाला न्हाई कळायचं." मग सगळ्याला हिरवा ऑइलपेंट दिला, दोन हात.

इथं मात्र दाजींचं गणित चुकलं. पुलावर कधी वेल चढवायची वेळ आली नव्हती ना! वालाचा शेंडा कशाला तरी वेटाळे घेत वर जातो, पण त्या जाड, गुळगुळीत पाइपाला त्याला धरायलाच काही सापडेना. सकाळी दाजी शेंडा वर गुंडाळायचे, दुपारपर्यंत तो घसरून खाली. त्यांनी तो कापडी पट्टीनं बांधला, तर वेलानं बाजूनं दुसरा फुटवा काढला आणि तो सरळ कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेला. दाजी त्याच्यासमोर उकिडवे बसून समजावत होते, "अरे, हिकडं ये की! मजबूत हाय, तकलादू न्हाई!" आतून मोठ्यानं हसू ऐकू आलं. अक्का खिडकीत उभ्या होत्या. कितीतरी महिन्यांनी त्या तशा हसल्या. म्हणाल्या, "अवं, तुराट्या बांधा तुराट्या! त्याला काय ट्रक न्यायचाय का वरून?" दाजी उठून शेताकडे निघाले. संध्याकाळी शेतातून तुराट्यांची पेंढी खांद्यावर टाकून आले आणि प्रत्येक पाइपाला सुतळीनं तुराटी बांधत गेले. आठवड्यात वेल वर पोचला. त्या पराभवाची आठवण मी त्यांना फोन करून करून दिली.

येळवशीच्या सकाळी आम्ही दोघं चाकूरला पोचलो तर मांडव शेंगांनी लगडलेला. माझी बायको टोपली घेऊन निघाली तसे दाजी ओरडले, "हात लावू नका! तिचं हाय ते." मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "अगं ए, शेंगा जून होऊन राहिल्यात. भज्जी करायची तर तोड, न्हाई तर ऱ्हाऊ दे तसंच." एवढं बोलून ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाना घेऊन बसले. अक्का उंबऱ्याशी आल्या आणि नेहमीप्रमाणे थांबल्या. त्यांनी चौकटीवरचा एक हात सोडला. तो आपोआप त्या कमरेच्या पाइपावर पडला, कारण पाइप चौकटीपासून बरोब्बर एका हातावर होता. एक पाय बाहेर आला, मग दुसरा. एका हातानं पाइप धरून, दुसऱ्या हातानं शेंगा तोडून पदरात टाकत त्या निघाल्या. मधे एकदा थांबल्या, पाइपावर भार टाकून दम घेतला. पाइप हलला नाही. बायकोनं माझा हात घट्ट धरला होता. माझी मान खाली गेली.

मी दाजींजवळ जाऊन बसलो. ते आधीच आवळलेला बोल्ट आवळत होते आणि अक्कांकडे अजिबात बघत नव्हते. मी म्हटलं, "दाजी, वेलाला तुराट्याच पुरत होत्या."

"वेलाला पुरत्यात की," ते म्हणाले. "पाइप वेलाला कुटं हाय? काठी धरायची न्हाई म्हनती, शेंगा तर धरंल." पाना त्यांनी खाली ठेवला. "तिच्या हाताला पंचवीस साल कायतरी पायजे, पाव्हणं. मी कुटं तेवढा पुरतो?"

अक्का कुंपणापर्यंत पोचल्या होत्या आणि आता दुसऱ्या बाजूनं परत येत होत्या. मी दाजींचा दंड धरला आणि दाबून पाहिला. पुलाचे दगड उचललेला तो दंड माझ्या मुठीत फार बारीक लागला. तरी मी त्यांचा खांदा एकदा हलवला आणि म्हणालो, "टिकंल."