गोठ्यातलं लुगडं

आबांचं शेतीवाचून काही अडत नव्हतं. महाराजांच्या रिसाल्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पेन्शन होती, आणि बडोद्यात राहायला बरं घर होतं. पण उभा जन्म घोड्यांमध्ये गेलेला. घरी बसल्यावर खरारा करायला समोर कोणी नाही, हे त्यांना सोसेना. मग त्यांनी समा गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा घेतला, त्यावर कौलारू घर बांधलं आणि आईला नि मला तिथे नेऊन ठेवलं. समा तेव्हा खेडंच होतं. मोर अंगणात येऊन कोंबड्यांचे दाणे खायचे आणि माझी शाळेची वाट चिंचांच्या सावलीतून जायची.

पागेतून काढून टाकलेली एक म्हातारी घोडी, काही शेळ्या, कोंबड्या, एवढं आमचं गोकुळ. आबा या सगळ्यांना लष्करी शिस्तीत वागवत. सकाळी शेळ्यांचे खूर तपासायचे, दाणे टाकायच्या आधी कोंबड्यांची हजेरी घ्यायची. एखादी कोंबडी हजेरीला आली नाही तर तिला हुडकायला मला पिटाळायचे. आई म्हणायची, "यांचा रिसाला सुटला कुठे? नुसती माणसं बदलली."

म्हैस मागाहून आली, करजणच्या बाजारातून. आबा तिलाही घोड्यासारखा खरारा करत आणि ती ते डोळे मिटून करून घेई. पण धार काढायला दुसऱ्या कोणाचा हात तिला खपत नसे. आईच लागे, आणि तीही गोठ्यातलं लुगडं नेसलेली. ते एक निळं, विटलेलं नऊवारी होतं, गोठ्याच्याच खुंटीला टांगलेलं असायचं. ते नेसून आई खाली बसली की म्हैस मान वळवून पदर हुंगायची आणि पान्हा सोडायची. चांगलं लुगडं नेसून आई गेली तर तिलाही लाथ. मी एकदा हौसेनं चरवी घेऊन बसले होते. म्हशीनं दूध असं चोरलं की आईलाही त्या वेळी थेंब मिळाला नाही, आणि मला बोलणी खावी लागली.

या म्हशीपायी आईचं माहेर तुटलं. माहेर साताऱ्यापलीकडे, बडोद्याहून जाऊन यायचं म्हणजे लांबचा पल्ला. "यंदा म्हैस आटली की जाईन," असं ती दर वर्षी म्हणायची. मग म्हैस आटली की मला गोवर निघायचा, नाहीतर शेळ्या व्यायला व्हायच्या. आजीला मी एकदाच पाहिलं होतं, तेही मला आठवत नाही.

एका सकाळी आईच्या गावचा एक माणूस पागेत चाकरी शोधायला बडोद्यात आला आणि विचारत विचारत आमच्याकडे पोचला. त्यानं निरोप आणला होता. आजीनं अंथरूण धरलं होतं, आणि ती सारखी लेकीला विचारत होती. आईनं त्याला जेवू घातलं, पाटावरून उठेपर्यंत आग्रह केला. तो गेल्यावर ती चुलीपुढे बसून राहिली.

आबा म्हणाले, "उद्याच्या गाडीनं नीघ."

"आणि म्हैस? नुकती तर व्यायली आहे. धार राहिली तर कास सुजेल तिची."

"अगं, मी अडेल घोडे वळणावर आणलेत. म्हशीची काय कथा!"

"घोड्यांना दूध काढायचं नव्हतं तुमच्या," आई म्हणाली. पण ती निघाली. तिला आईला पाहायचंच होतं. त्यापुढे म्हैसही मागे पडली. टांग्यात बसताना तिनं आबांना हळूच सांगितलं, "निळं लुगडं खुंटीलाच आहे. ते नेसून बसा, म्हणजे देईल."

आबांच्या मिशा थरथरल्या. "रिसाल्यातला माणूस लुगडं नेसणार? जा तू."

त्या संध्याकाळी आबा जुना फौजी कोट चढवून गोठ्यात गेले. हुकूम दिल्यासारखं म्हशीशी बोलले, मग चुचकारलं, आंबोण पुढे ठेवलं, रेडकू सोडलं. म्हैस एकदा फुरफुरली आणि आबांची चरवी उकिरड्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची कास तटून दगड झाली होती आणि ती ओरडत होती. आबांनी गोठ्याच्या दारातून अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "झांपा लावून घे. आणि तुला लुगडं नेसवता येतं का?"

मला येत होतं. कासोट्याची त्यांना सवयच होती, धोतर नेसणारे ते. अडलं ते पदरापाशी. डोक्यावरून पदर, त्याखाली त्या मिशा! मी ओठ चावून हसू दाबलं. म्हशीनं मान वळवली, पदर हुंगला, जरा विचार केला आणि पान्हा सोडला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले कोंडा गेला डोळ्यात.

"हे झांप्याबाहेर गेलं तर याद राख," असंही म्हणाले.

शेजारच्या शेतातले पाटीदार काका रोज सकाळी गप्पा मारायला यायचे. मी त्यांना झांप्यावरच अडवायची. "आबा पूजामां बेठा छे."

"आ उमरे बहु भगत थई गया जमादार!" काका या वयातल्या भक्तीचं नवल करत म्हणायचे आणि परत जायचे.

आई परतली ती एका दुपारी. टांग्यातून उतरली तेव्हा अंगावर तिचं लुगडं नव्हतं. जुनं, तपकिरी काठाचं, गुडघ्याशी ठिगळ लावलेलं लुगडं होतं. आबांनी त्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"भेट झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. माझ्याच मांडीवर गेली," आई म्हणाली. "हे तिच्या उशाशी होतं. मी धुऊ दिलं नाही." ती रडली नाही. तिनं पाय धुतले, माझी वेणी घातली, घोडीला गूळ दिला. मला तिचं ते न रडणं फार भीतीचं वाटलं.

संध्याकाळी सवयीनं ती तशीच गोठ्यात गेली. म्हैस मागे सरली, फुरफुरली, दोराला हिसडे देऊ लागली. आई खुंटीवरच्या निळ्या लुगड्याकडे बघत राहिली, पण तिचा हात काही पुढे होईना.

"ते नेसलं की म्हशीचा वास माझ्या अंगाला, आणि अंगाचा याला," ती अंगावरचा पदर मुठीत धरून म्हणाली. "आईचा वास आहे हो अजून याला."

आबांनी निळं लुगडं खुंटीवरून काढलं आणि तिच्या देखत नेसू लागले. माझी मदत आता त्यांना लागत नव्हती. त्या गडबडीत झांपा उघडाच राहिला होता आणि पाटीदार काका थेट गोठ्यापर्यंत आले. मी डोळे गच्च मिटले.

"आवो काका, बेसो," आबा पदर सावरत म्हणाले. "मने वार लागशे." वेळ लागणार होता, म्हणून त्यांनी ओट्याकडे बोट केलं.

काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आईच्या ठिगळाच्या लुगड्याकडे. मग ते ओट्यावर बसले आणि आपल्या कपाशीला कीड लागल्याचं सांगत राहिले.

तेव्हापासून दोन्ही वेळा आबाच धार काढत, झांपा उघडा ठेवून. गावात हसले असतील लोक. आबांच्या तोंडावर कोणी हसलं नाही. आई आजीचं लुगडं रोज आंघोळीनंतर नेसायची आणि धुवायची मात्र नाही. आमच्या घरात पारोसं कापड चालत नसे, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

एकदा आबा पेन्शनीच्या कामाला शहरात गेले आणि त्यांना यायला उशीर झाला. म्हैस हंबरत होती. तिला नुसतं थोपटावं म्हणून आई गोठ्यात गेली, मीही मागोमाग गेले. आईनं पाठीवर हात ठेवला. म्हशीनं मान वळवली, तपकिरी काठाचा पदर हुंगला, पुन्हा हुंगला. आणि ती शांत झाली. कासेतून दूध आपोआप टपकायला लागलं.

"आई, बघ, देतेय ती तुला!" मी आनंदानं ओरडले.

आई खाली बसली आणि म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून मोठ्यानं रडायला लागली. माहेराहून आल्यापासून पहिल्यांदा. आबा तेवढ्यात झांप्यातून आत आले, ते धावतच गोठ्यात पोचले. त्यांना वाटलं म्हशीनं लाथ मारली.

"काय झालं? कुठे लागलं?"

"आईचा वास गेला हो याचा," आई म्हणाली. "माझाच यायला लागला."

आबांनी पगडी काढून ठेवली, चरवी आईच्या हाताशी सरकवली आणि धार पुरी होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.