एक पत्ता, दोन चुली

गुरुवारी सकाळी फतेगंजच्या काकूला फोन लावला. काकू चक्क गोड बोलली!

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? अहो, आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. फोन उचलला की "कुठे मेली होतीस इतके दिवस?" हीच तिची सुरुवात. आणि परवा म्हणते कशी... "लग्नघर आहे, तुम्ही कामात असाल. आवजो!" मला 'तुम्ही'? मला परक्यासारखं गुजरातीत 'आवजो'?

एक तर माझा स्वभाव संशयी. त्यात ऋताचं, म्हणजे माझ्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. मनात पाल चुकचुकलीच... त्या घरात वरच्या मजल्यावर थोरली काकू राहते, खाली ही धाकटी. दोघी जावांमध्ये कित्येक वर्षं अबोला. म्हटलं, थोरलीनेच कान भरले असणार, दुसरं कोण?

तरी ह्यांना विचारलं, काकूला पत्रिका गेली ना? हे कोयलीला रिफायनरीत, घरातही सगळं सिस्टिमने हवं. ह्यावेळी आमंत्रणंसुद्धा कॉम्प्युटरवर... नाव, पत्ता, माणसं किती, सगळ्याचे खाने पाडलेले. लेबलं छापली, चिकटवली, पत्रिका कुरियरने रवाना.

"सगळ्यांना गेल्या. एकही रिपीट नाही!" हे खुशीत म्हणाले. मला त्या 'एकही रिपीट नाही'चाच वास आला.

बघते तर काय... आडनाव एक, पत्ता एक, म्हणून काकूची ओळ डुप्लिकेट समजून उडवलेली! राहिले फक्त थोरले काका, सहकुटुंब. आता आमच्या बडोद्यातल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा, चूल वेगळी तर आमंत्रण वेगळं.

"पण घर तर एकच आहे ना?" हे म्हणतात. मी कपाळावर हात मारून घेतला.

पत्रिका, अक्षता, कुंकवाचा करंडा पर्समध्ये टाकला आणि मांजलपूरहून तडक फतेगंज गाठलं. खालचं दार उघडलं ते थोरल्या काकूने! ती, आणि धाकटीच्या घरात?

"बरी आलीस गं नंदा," ती मला म्हणाली. "आमची पत्रिका घेऊन मीच खाली आले. हिला म्हटलं, चुकून राहिली असेल, आपली नंदा असं करायची नाही. पण ही ऐकेल तर शपथ!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जिच्यावर संशय घेतला, ती माझी वकिली करायला अबोला मोडून जिना उतरली होती.

काकू आत मेथी निवडत बसलेली, मान वर करेना. मी अक्षता पुढे केल्या. हात काही पुढे येईना. मग मात्र मला रडूच फुटलं... म्हटलं, काकू, माझ्या लग्नात गौरीहराजवळ माझ्या शेजारी तू बसली होतीस. आता ऋताजवळ कोण बसणार गं?

तिने पदराला हात पुसले आणि अक्षता घेतल्या. जावेकडे न बघताच मला म्हणाली, "जाऊबाईंना सांग, वेळेवर तयार राहायचं. दोघी एकाच रिक्षाने येऊ."

ती रिक्षा हॉलपर्यंत न भांडता पोचेल का, ह्याची मला अजून दाट शंका आहे. पण दोघी येणार आहेत... देवा, मला एवढं पुरे.